कोंबडीची पिसं दोन वर्षं झाली कुजंना, कोणती बुरशी टाकू?

उदगीरचा चिकनवाला:
रामराम मंडळी. छोटं चिकनचं दुकान हाय माझं, रविवारी 150 एक पक्षी जातेत. 2 किलोच्या कोंबडीमागं 100-125 ग्राम पिसं धरा, म्हणजे एकाच दिवशी 15-18 किलो झाली. मी रानात खड्डा घेऊन पुरायलोय. गेल्या हप्त्यात पाईपसाठी चर खांदला तर दोन वर्षामागची पिसं जशीच्या तशी, नुसती काळी पडलेली, कुत्र्यांनी वस्तीभर केली अन् शेजाऱ्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. दुकानदारानं ट्रायकोडर्मा नावाची बुरशी दिली, ओतली, काही फरक नाही. पीस खाणारी बुरशी खरंच असती का व्हाट्सॅपच्या गप्पा?

परभणीची मायक्रोवाली:
असते की दादा. ट्रायकोडर्मा मुख्यतः काडीकचऱ्यावर चालतं, पिसाचं गणित वेगळं. पिसात 90 टक्क्यांच्या आसपास केराटिन, म्हणजे आपल्या केसा-नखातलं, जनावरांच्या शिंगाखुरातलं प्रोटीन. त्याच्या साखळ्या गंधकाच्या टाक्यांनी एकमेकींना गोधडीसारख्या शिवलेल्या असतात म्हणून साध्या जिवाणूंना आत शिरताच येत नाही. पीस खाणाऱ्या बुरशा सल्फाइट नावाचं गंधकाचं रसायन सोडून आधी टाके उसवतात, सोबत तंतू पिसात घुसवतात अन् मग एन्झाइमनं खातात. त्यातलीच क्रायसोस्पोरियम नावाची बुरशी आपल्या देशातल्या मातीत भरपूर सापडते.
एमेस्सीला आम्ही ही पकडायचो. प्लेटमधे ओलसर माती, वर निर्जंतुक केलेले केस नाहीतर पिसं, 3-4 आठवड्यात पांढरी लव येते. वॅनब्रेसेघम नावाच्या बेल्जियन माणसाची 1952 ची पद्धत. केस मागायला पार्लरमधे गेलं की ती बाई असं बघायची जणू करणी करायला नेतोय :) खुराड्याखालची किंवा गोठ्यातली माती असली की बुरशी हमखास यायची.

औश्याचा शेतकरी:
भाऊ तुमचं खड्ड्यातच चुकलंय. बुरशीला हवा अन् ओल दोन्ही लागती, आपली काळी माती पावसाळ्यात चिकटून हवा बंद करती अन् उन्हाळ्यात ठणठणीत कोरडी. वर ढीग लावा. पीस तेलकट असतंय, पाणी धरत नाही, म्हणून आधी रात्रभर शेणाच्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. मग सोयाबीनचं भुसकट भरपूर, पिसापेक्षा जास्तच. पिसात 15 टक्के नत्र असतंय (युरियात 46), नुसती पिसं रचली की अमोनियाचा असा वास सुटतो की डोळ्यातून पाणी, मी पहिल्या वर्षी तेच केलतं अन् बायको चार दिवस बोलली नाही.
अजून एक, खुराड्याची माती सुरुवातीला टाकू नका. ढीग 60 डिग्रीपर्यंत तापतो तेव्हा गरमी सोसणारे जिवाणू काम करतेत, बुरशी तिथं टिकत नाही. ढीग थंडावल्यावर माती मिसळा.

उदगीरचा चिकनवाला:
ताई मग ती बुरशी बादलीत वाढवून बाटलीत भरून देता का, पैसे देतो

परभणीची मायक्रोवाली:
नाही दादा, अन् तुम्हीपण घरी बादलीत वाढवू नका. यांचीच भावंडं गजकर्ण करतात. मायक्रोस्पोरम जिप्सियम मातीतच राहतं, पिसंपण खातं अन् संधी मिळाली की माणसाची कातडीपण. कोणती उगवली हे मायक्रोस्कोपशिवाय कळत नाही. ढीग पालटताना हातमोजे, तोंडाला रुमाल, लेकरं लांब. आणि बुरशीच पाहिजे असा हट्ट कशाला, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस नावाचा जिवाणूपण पिसं फोडतो, अमेरिकेत पोल्ट्रीच्याच घाणीतून तो वेगळा काढला होता.

उदगीरचा चिकनवाला:
बरं. खुराडं गावाकडं आईपशी हाय, ती खालची माती दरसाली वांग्याच्या वाफ्याला टाकती, तिला विचारून 2 घमेली आणतो. देईल का नाही काय माहीत, आत्ताच फोनवर म्हणाली माझ्या वांग्याचं काय. हातमोजे दुकानातलेच हायत.