मदत हवी आहे : स्पार्टाकसच्या बंडावरील किशोर कादंबरीसाठी

तेरा ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठी मी इ.स.पू. ७३ मधील स्पार्टाकसच्या बंडावर, म्हणजे रोमन सत्तेविरुद्ध ग्लॅडिएटरांनी (रिंगणात झुंजवल्या जाणाऱ्या गुलाम योद्ध्यांनी) केलेल्या उठावावर, कादंबरी लिहीत असून, इटलीतील कापुआ शहरातल्या ग्लॅडिएटर-शाळेतील स्वयंपाकघरात राबणारी एक गुलाम मुलगी तिची निवेदक आहे. स्वयंपाकघरातले सुरे आणि मांस भाजण्याच्या सळया घेऊन तिथले ७८ ग्लॅडिएटर निसटले, असे प्राचीन ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. बंडाची ही पहिली हत्यारे माझ्या नायिकेच्या रोजच्या हाताळणीतली असावीत, अशी माझी मांडणी आहे. अडचण अशी की, प्लुटार्क ‘कुठल्याशा’ स्वयंपाकघरातून एवढेच म्हणतो, त्यामुळे ते शाळेतले की बाहेरच्या एखाद्या खाणावळीतले, हे कळत नाही.

प्लुटार्क आणि प्राचीन इतिहासकार ॲपियन यांचे वृत्तान्त मी इंग्रजी अनुवादातून वाचले आहेत. पाँपेई या प्राचीन रोमन शहरातील ग्लॅडिएटरांच्या बराकीत स्वयंपाकघर होते खरे, पण ती बराक या बंडानंतर शतकाहून अधिक काळाने वापरात आली. चित्रपट-मालिका कृपया सुचवू नयेत. त्यांत दिसणारे रोमचे कलोझियम हे झुंजींचे मोठे रिंगणसुद्धा तेव्हा बांधलेले नव्हते.

रोमन प्रजासत्ताकाच्या काळातील (सम्राटांच्या आधीच्या) अशा खाजगी शाळांत स्वयंपाक कोण करीत असे, त्यांत स्त्रिया किंवा मुले असत का, आणि त्यांनाही रात्री कोंडून ठेवत का, याविषयी मराठी, हिंदी वा इंग्रजीतील भरवशाचे लेखन कोणी सुचवू शकेल का?