मदत हवी आहे: मेक्सिकोतल्या शाळेची सामानाची यादी कोणी उलगडून देईल का?

मंडळी, नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नुकतेच केरेतारोला आलोय, लेक तिसरीत आहे आणि ऑगस्टअखेर शाळा सुरू होणार म्हणून शाळेने सामानाची ही भलीमोठी यादी दिलीये, सगळी स्पॅनिशमधे. यायच्या आधी अ‍ॅपवर थोडंफार शिकले होते पण अ‍ॅपमधे पेन म्हणजे बोलिग्राफो आणि इथे सगळीकडे प्लुमा. असो, ते कळलं. लापिस पेन्सिल, साकापुंतास शार्पनर, गोमा खोडरबर इथपर्यंत ठीक, पुढे सगळा अंधार.

यादीत एक "लापिसेरा" आहे, ऑफिसातला अर्जेंटिनाचा माणूस म्हणतो की ते पेन, मग वर प्लुमा आहे ते काय? कात्रीपुढे "पुंता रोमा" लिहिलंय, ही कंपनी आहे का? वह्यांमधे एक "फोर्मा इतालियाना, क्वाद्रो ग्रान्दे" आणि एक "फोर्मा फ्रांसेसा, राया", आता वह्या काय इटली-फ्रान्सहून आणायच्या? शिवाय रेसिस्तोल, दिउरेक्स, फोमी हे काय प्रकार आहेत, आणि वह्या "फोर्रादोस" हव्यात म्हणजे काय करून हव्यात? जाता जाता, स्टेपलरला काय म्हणतात तेही सांगा, नवरा ऑफिसात हातवारे करून मागतोय :)

---

ताई, मी ग्वादालाहाराला होते, दोन्ही पोरं तिथल्या शाळेत. लापिसेरा म्हणजे मेक्सिकोत पेन-पेन्सिली ठेवायचा पाऊच. शेवटी ओ असेल, लापिसेरो, तर ती बहुतेक लेड घालायची पेन्सिल. पुंता रोमा म्हणजे बोथट टोकाची. फोर्मा इतालियाना आडवी वही, फ्रांसेसा उभी, दोन्ही लहान आकाराच्या. क्वाद्रो ग्रान्दे म्हणजे ७ मिमीचे चौकोन, चिको लिहिलं असेल तर ५ मिमी, हे नीट बघून घ्या, बाई वही परत पाठवतात. राया म्हणजे रेघी.

रेसिस्तोल हा ब्रँड आहे, आपण कुठल्याही पांढऱ्या गोंदाला फेविकॉल म्हणतो तसं. दिउरेक्स म्हणजे सेलोटेप (हो हो, मलाही हसू आलं होतं). फोमी म्हणजे क्राफ्टची रंगीत फोमशीट. फोर्रादोस म्हणजे कव्हर घातलेल्या, पण खाकी कागद नाही हं, पापेल लुस्त्रे म्हणजे आपला घोटीव कागद आणि वर पारदर्शक प्लास्टिक, बऱ्याच शाळांत प्रत्येक विषयाला वेगळा रंग असतो तो आधी विचारा. स्टेपलर एंग्रापादोरा, हायलायटर मार्कातेक्स्तोस, स्केचपेनं प्लुमोनेस. कोरे कागद "तामान्यो कार्ता" घ्या, ए४ तिथे चालत नाही, कार्ता थोडा रुंद आणि आखूड असतो.

आणि एवढं डोकं कशाला खपवता, कोपऱ्यावरच्या पापेलेरियात (म्हणजे स्टेशनरीच्या दुकानात) यादी काउंटरवर द्या, पुष्कळ ठिकाणी सगळं काढून पिशवीत भरून देतात.

---

माद्रिदहून लिहितोय, इकडे यातलं निम्मं चालणार नाही. पेन बोलिग्राफो किंवा नुसतं बोली, स्टेपलर ग्रापादोरा, सेलोटेप सेलो, स्केचपेन रोतुलादोर, पाऊच एस्तुचे. कागद मात्र ए४च. म्हणजे अ‍ॅप स्पेनचं होतं तुमचं.

---

तुमच्या त्या अर्जेंटिनावाल्याचंही बरोबर आहे, तिकडे लापिसेरा म्हणजे पेनच. बॉलपेनला बिरोमेसुद्धा म्हणतात, हंगेरीहून तिकडे गेलेल्या लास्लो बिरोच्या नावावरून, त्याने १९४३ मधे तिथे पेटंट घेतलं. आणि स्टेपलर तिथे आब्रोचादोरा, चिलीत कोर्चेतेरा. नवरोबांना सांगा, समोरचा कुठल्या देशाचा ते आधी विचारून मग मागा, किंवा हातवारे चालू ठेवा.

---

धन्यवाद सगळ्यांना! उद्याच यादी घेऊन पापेलेरिया गाठते. एकच राहिलं, "हुएगो दे हेओमेत्रिया" म्हणजे कंपासपेटीच ना, पट्टी गुण्या कोनमापक वगैरे? तिसरीला कर्कटक कशाला लागतंय देव जाणे.