मदत हवी आहे: बाबांना पुन्हा कॅथलिक प्रार्थना करायची आहे, आम्हाला काहीच येत नाही

बाबांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे. उपचार थांबवलेत, घरीच मॉर्फीनवर आहेत. बाबा जन्माने कॅथलिक, आई ख्रिश्चन नाही. लग्न नोंदणी पद्धतीने झालं आणि तेव्हापासून बाबांनी चर्चचं नाव टाकलं. आम्हा भावंडांना मुद्दाम कुठल्याच धर्मात वाढवलं नाही.

आता रात्री झोप लागत नाही तेव्हा ‘नमो मरिये’ पुटपुटतात. चादरीच्या काठावर अंगठा सरकत असतो, मणी ओढल्यासारखा. अर्ध्यावर थांबतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुढचं आठवत नसावं. काल मात्र स्पष्ट म्हणाले, “फादरांना बोलाव.”

इतक्या वर्षांनी फादर येतील का? बाबांना धड बोलता येत नाही, गिळणंही जड जातं, मग पापनिवेदन वगैरे कसं होणार? आणि खरी अडचण आई. ती म्हणते, “बोलाव. पण आमचं लग्न पाप होतं असं त्यांच्याकडून वदवून घेणार असतील, तर मी त्या खोलीत थांबणार नाही.” तिला काय सांगू?

(देव आहे की नाही हा वाद इथे नको, प्लीज.)

प्रतिसाद:
बाबा विसरलेले नाहीत हो. जपमाळेची प्रार्थना दोघांत वाटून म्हणतात. एकाने पहिला अर्धा भाग म्हणायचा, बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये, देवाच्या माते’पासून पुढचा. ते तुमची वाट बघतायत. तेवढा भाग आजच पाठ करा.

फादर नक्की येतील. मरणाच्या धोक्यात असलेल्याला पापक्षमा द्यायला कुठलाही धर्मगुरू चालतो. बोलता येत नसेल तर मानेने होकार दिला तरी पुरे. मात्र अगदी शेवटच्या घटकेपर्यंत थांबू नका. रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावायचा विधी, हा फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) १९६३ मध्येच स्पष्ट केलंय. कपाळाला आणि हातांना तेल लावतात, त्याला धर्मगुरूच लागतो. ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे फादर देतात त्या पवित्र भाकरीचा, अगदी बारीक तुकडा चालतो, तोही गिळवत नसेल तर नुसता द्राक्षारस. आधी तासभर उपाशी राहायचा नियम आजाऱ्याला नाही.

आता आई. चर्चच्या लेखी ते लग्न वैध नाही, हे तिच्यापासून लपवू नका. पण ते वैध करून घ्यायला तिला धर्म बदलावा लागत नाही, आणि मरणाच्या धोक्यात लग्नाच्या बाबतीत सवलत देण्याची तरतूद चर्चच्या कायद्यातच आहे. फादरांना आधी फोनवर सगळं सांगा. पापनिवेदनाच्या वेळी तसंही सगळ्यांनाच बाहेर जावं लागतं आणि आतलं फादर कुणालाच सांगू शकत नाहीत. तेल लावताना मात्र आईला जवळ बसवा.

प्रतिसाद:
फोनवर फादर ताठ वाटले तर सरळ दुसऱ्यांना विचारा. सगळे सारखे नसतात.

धागाकर्ता:
फोन केला. आईच बोलली त्यांच्याशी, बराच वेळ. उद्या सकाळी येतायत, औषधाच्या डोसाआधी, कारण तेव्हा बाबा जास्त शुद्धीत असतात. घरात जपमाळ नाही, आणावीच लागेल का?

प्रतिसाद:
आणली तर बरंच, फादरांकडेही असेल. आज रात्री बोटांवर मोजा. दहा नमो मरिये म्हणजे दहा बोटं.