संडे सायलेन्सच्या वंशावळीत पिढ्या मोजताना अडकलोय, मदत हवी आहे

मंडळी, रेसिंगमधलं मला फार काही कळत नाही पण गेले काही दिवस संडे सायलेन्स या रेसच्या घोड्याच्या नादी लागलोय आणि त्याच्या वंशाचा एक मोठा तक्ता काढायला घेतलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घोडा 1986 चा, अमेरिकेतल्या केंटकीतला, बाप हेलो. शिंगरू असताना व्हायरसने मरता मरता वाचला, मग मागचे पाय आत वळलेले म्हणून लिलावात कोणी घेईना, दुसऱ्या लिलावाहून परत आणताना ड्रायव्हरला हार्ट अटॅक येऊन गाडी उलटली, त्यातूनही वाचला. आणि याच पठ्ठ्याने 1989 ला केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि ब्रीडर्स कप क्लासिक या अमेरिकेतल्या मोठ्या रेस मारल्या! बेलमाँट ही रेस तेवढी ईझी गोअर या दुसऱ्या घोड्याने नेली. एकूण 14 रेस, 9 जिंकल्या, 5 मध्ये दुसरा, म्हणजे तिसरा कधी आलाच नाही. तरी अमेरिकेतल्या ब्रीडर लोकांना तो फारसा नको होता, शेवटी झेन्या योशिदांनी जपानला त्यांच्या शादाई या घोडे पैदाशीच्या फार्ममध्ये नेला. तिथे 1995 ते 2007 सलग 13 वर्षं नंबर एक स्टॅलियन (पैदाशीचा घोडा, नंबर शिंगरांच्या कमाईवरून लागतो), त्यातली शेवटची पाच वर्षं तर तो जिवंतही नव्हता (ऑगस्ट 2002 ला लॅमिनायटिसने गेला, खुराचा आजार).

आता अडचण. एफोरिया हा घोडा घ्या. बाप एपिफेनिया, त्याची आई सेझारिओ, तिचा बाप स्पेशल वीक, त्याचा बाप संडे सायलेन्स. आईकडून बघितलं तर आईचा बाप हार्ट्स क्राय आणि त्याचा बाप परत संडे सायलेन्सच. मी मोजतो तर 3×2 (म्हणजे बापाकडून तिसऱ्या, आईकडून दुसऱ्या पिढीत) येतं, सगळीकडे मात्र 4×3 लिहिलेलं. संडे सायलेन्सचं रक्त 18.75 टक्के म्हणतात, माझं 37.5 येतंय, एवढं म्हणजे घरातल्या घरातच झालं की!

दुसरं, हार्ट्स क्रायने 2005 च्या अरिमा किनेन या जपानी रेसला डीप इम्पॅक्टला हरवलं, दोघांचा बाप एकच, मग यांना सावत्र भाऊ का म्हणत नाहीत? ब्लॅक टाइड या घोड्याला मात्र डीप इम्पॅक्टचा सख्खा भाऊ म्हणतात.

उत्तर:
अरे तू आईबापांना शून्य धरतोयस. तीच पहिली पिढी. मग बापाकडून संडे सायलेन्स चौथ्या पिढीत, आईकडून तिसऱ्या. 1/16 अधिक 1/8, झाले 18.75. डेरिंग टॅक्ट ही घोडी पण 4×3 च आहे, 2020 ला एकही रेस न हरता घोड्यांच्या नव्हे, घोडींच्या ट्रिपल क्राउनच्या तिन्ही रेस जिंकली ती. आणि घोड्यांमध्ये भावाचं नातं आईवरून ठरतं. आई एक, बाप वेगळा तर सावत्र, दोन्ही एक तर सख्खे. नुसता बाप एक असेल तर काहीच नाही, एका स्टॅलियनची वर्षाला शंभरावर शिंगरं होतात, किती जणांना भाऊ म्हणणार?

धागाकर्ता:
हात्तिच्या! म्हणजे अख्खा तक्ता एक घर सरकवायचा. ऑगस्ट रोदॅन (2023 ची इंग्लंडमधली एप्सम डर्बी जिंकलेला घोडा) डीप इम्पॅक्टचाच, पण आई गॅलिलिओ नावाच्या दुसऱ्या स्टॅलियनची मुलगी, त्यामुळे तिथे संडे सायलेन्स एकाच बाजूला येतो, ते एक सोपं जाईल. पेन्सिलीने काढलं होतं हे नशीब.