गोव्यातली गुलामगिरी नेमकी कधी संपली?

तिसवाडीकर: शाळेच्या प्रदर्शनासाठी गोव्यातल्या गुलामगिरीवर फलक करतोय. कुठे १८३६ सापडतं, कुठे १८६९, कुठे १८७८. कोणतं साल घालावं? आणि बायकांची सुटका पुरुषांबरोबरच झाली का?

मांडवीकाठ: एकच साल घालू नका. १० डिसेंबर १८३६ च्या हुकुमाने पोर्तुगीज मुलखांतून गुलामांची निर्यात बंद झाली, घरातले गुलाम होते तिथेच राहिले. १४ डिसेंबर १८५४ ला गुलामांची नोंदणी सक्तीची झाली आणि सरकारच्या मालकीचे गुलाम सुटले. २५ फेब्रुवारी १८६९ ला गुलामगिरी रद्द झाली खरी, पण सुटलेल्यांना ‘लिबेर्तु’ (म्हणजे मुक्त केलेले) ठरवून २९ एप्रिल १८७८ पर्यंत जुन्याच धन्याकडे राबायला बांधून घातलं. १८७५ च्या कायद्याने ही मुदत अलीकडे आणली, तरी सरकारी देखरेख १८७८ पर्यंत होतीच. नुसतं १८६९ लिहिलंत तर ही सगळी वेठ झाकली जाते. गुलामांच्या सुटकेचा १७६१ चा हुकूम गोव्याच्या खात्यावर मुळीच घालू नका, तो पोर्तुगालपुरता होता.

शेणवीवाडा: बायकांचं वेगळं लिहा, कारण गुलामपण आईकडून उतरायचं. २४ जुलै १८५६ च्या कायद्याने गुलाम बाईचं मूल जन्मतः मोकळं ठरलं, पण वीस वर्षांचं होईपर्यंत त्याने आईच्या धन्याकडे फुकट राबायचं. आई गुलामच! जुन्या गोव्यात रुआ दिरैता या मुख्य रस्त्यावर माणसांचे लिलाव व्हायचे. विकत घेतलेल्या बायांना मुरंबे विकायला रस्त्यावर धाडत, आणि आलेला पैसा धन्याचा.

तिसवाडीकर: आणि ज्या गुलाम नव्हत्या त्यांचं काय? आपला नागरी कायदा तर स्त्रियांच्या बाजूचा म्हणतात.

मांडवीकाठ: अर्धंच खरं. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १ जुलै १८७० पासून लागू झाली, म्हणजे लिबेर्तु अजून राबत असताना. मुलीला मुलाइतका वारसा मिळाला, नवऱ्याला बायकोच्या संमतीवाचून स्थावर विकता येईना, हे मोठंच. पण संसाराच्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडे. कलम ११८५ प्रमाणे बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहायचं, आणि ११८७ प्रमाणे लेखिकेला स्वतःचं लिखाण छापायलाही त्याची परवानगी लागे.

शेणवीवाडा: हिंदूंसाठी १६ डिसेंबर १८८० ची रीतिरिवाजांची संहिता वेगळी आहे, तीही जोडा. बायको पंचविशी गाठेपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येई. संमती पहिलीची लागे. पण माहेरचा आधार नसलेली बाई नाही म्हणणार कशी, हे फलक वाचणाऱ्या मुलांना जरूर विचारा.