मदत हवी आहे: लेक नववी पास, बदली वॉशिंग्टनजवळ. घर मेरीलँडमध्ये घ्यावं की व्हर्जिनियात?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली वॉशिंग्टन डीसीला होतेय. आम्ही पुण्यात राहतो. लेक स्टेट बोर्डाची, सेमी-इंग्रजीतली, आत्ताच नववी पास झालीय. ऑफिस अशा जागी आहे की पोटोमॅक नदीच्या कुठल्याही बाजूला राहता येईल, म्हणजे मेरीलँडची मॉन्टगोमेरी काउंटी किंवा व्हर्जिनियाची फेअरफॅक्स नाहीतर लाउडन. भाडं, मेट्रो सगळं जमवून घेऊ. माझा जीव अडकलाय तो लेकीच्या हायस्कूल डिप्लोमात.

तिथे आपल्यासारखी एक बोर्डाची परीक्षा नाही, नववी ते बारावी अशा चार वर्षांत विषय पास करून त्यांची क्रेडिट्स साठवायची, एवढं कळलं. मेरीलँडची राज्याची अट २१ क्रेडिट्स, मॉन्टगोमेरीची २२, वर ७५ तास समाजसेवा. व्हर्जिनियात साध्या म्हणजे स्टँडर्ड डिप्लोमाला २२, वरच्या पातळीच्या ॲडव्हान्स्ड स्टडीज डिप्लोमाला २६. पण ती तिथे नववीपासून शिकलेलीच नाही, मग तिचा हिशेब कुठून धरणार? आई म्हणते, दहावीपर्यंत पोरीला माझ्याजवळ ठेव, बोर्ड होऊ दे, मग अकरावीला ने. ते बरोबर ठरेल का? लेक विचारते, "माझं वर्ष वाया जाईल का गं?" आणि माझ्याकडे उत्तर नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

ताई, आम्ही मॉन्टगोमेरीत आहोत. मुलगा दहावी बोर्ड देऊन आला आणि थेट अकरावीत बसला. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: लेकीला आत्ताच आणा.

कारण सांगते. इथे सोशल स्टडीजचा क्रम ठरलेला आहे: नववीला अमेरिकेचा इतिहास, दहावीला गव्हर्नमेंट (म्हणजे राज्यव्यवस्था), अकरावीला आधुनिक जगाचा इतिहास. अकरावीत येणाऱ्या मुलाचे पहिले दोन विषय राहिलेले असतात. आपल्या बोर्डाच्या इतिहासाचं क्रेडिट धरलं, तरी त्याने अमेरिकेचा इतिहास भरून निघत नाही. माझ्या मुलाने एक विषय उन्हाळ्यात केला. दहावीत आलात तर तिचा नववीचा एकच विषय मागे राहील.

त्यात फाइन आर्टचं एक, टेक्नॉलॉजीचं एक, शिवाय हेल्थ आणि पीई म्हणजे शारीरिक शिक्षण. आपल्या मार्कशीटवर यातलं फारसं काही नसतं, आणि मुलं नेमकी तिथेच अडकतात. गणित मॉन्टगोमेरीत चारही वर्षं घ्यावं लागतं. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची: स्टेट बोर्डात नववीला बीजगणित आणि भूमिती वेगळी असतात. इथेही अल्जिब्रा आणि जॉमेट्री वेगळे कोर्स आहेत. शाळेकडून दोन्हींचे गुण वेगवेगळे लिहून आणा, एकत्र 'गणित' म्हणून नको. आमच्या कागदावर एकच आकडा होता, तो उलगडून सांगताना महिना गेला.

७५ तासांनी घाबरू नका. उशिरा येणाऱ्यांसाठी इयत्तेप्रमाणे तास कमी करतात. फक्त संस्था आधी मान्य झालेली हवी. मंडळाच्या गणपतीत दिवसभर राबलं म्हणून ते तास आपोआप धरले जात नाहीत.

प्रतिसाद २

आम्ही नदीपलीकडचे, फेअरफॅक्सचे. वरच्या ताईंनी सांगितलं ते मॉन्टगोमेरीपुरतं अगदी खरं, पण व्हर्जिनियात क्रम वेगळा आहे. इथे मुलं अमेरिकेचा इतिहास साधारण अकरावीला आणि गव्हर्नमेंट बारावीला घेतात. म्हणजे दहावी बोर्ड करून आली तरी हे दोन्ही विषय वर्गाबरोबरच होतील. आजीजवळ ठेवायचंच असेल, तर घर आमच्या बाजूला बघा.

इथे अडचण दुसरी. नुसतं क्रेडिट पुरत नाही. पाच 'व्हेरिफाइड' क्रेडिट्स लागतात, म्हणजे विषय पास होऊन वर एसओएलसारखी राज्याची परीक्षाही पास व्हायची. बाहेरून आलेल्यांचे नियम शाळेच्या काउन्सेलरकडून लेखी घ्या. ॲडव्हान्स्डला एका परक्या भाषेची तीन वर्षं किंवा दोन भाषांची दोन-दोन वर्षं हवीत. लेकीचं हिंदी त्यासाठी जपून ठेवा. परीक्षा देऊन भाषेचं क्रेडिट मिळवायची सोय फेअरफॅक्समध्ये आहे, माझ्या मुलीने हिंदीचं तसंच मिळवलं. अर्थशास्त्र आणि पर्सनल फायनान्स हा एक सक्तीचा विषयही आहे, तो आमच्याकडे मुलं उन्हाळ्यात ऑनलाइन उरकतात.

आणि एक. प्रवेशाच्या फॉर्मवर घरी कुठली भाषा बोलता ते विचारतात. बरेच जण भीतीने 'इंग्रजी' लिहितात. तुम्ही खरं तेच, मराठी, लिहा. मग तिची इंग्रजीची एक चाचणी होईल. सेमीतल्या मुलीला गरज लागली तर मदत मिळते, त्यात कमीपणा काही नाही.

इथल्या थॉमस जेफरसन या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नावाजलेल्या, निवडून प्रवेश देणाऱ्या हायस्कूलचं नाव ऐकून मनाला लावून घेऊ नका. तिथले बहुतेक प्रवेश आठवीत अर्ज करूनच होतात.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री लेकीला शेजारी बसवून दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. इतिहासाचा क्रम कळल्यावर ती स्वतःच म्हणाली, "आत्ताच जाऊ." आईला समजावायचं काम माझं. मॉन्टगोमेरी आता पहिल्या पसंतीला आहे. रॉकव्हिलला परदेशातून येणाऱ्या मुलांच्या प्रवेशाचं ऑफिस आहे, तिथे कळवते.

उद्या शाळेत जाऊन बीजगणित-भूमितीचे वेगळे गुण लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्क्यासह मागते. लसीकरणाचं कार्डही शोधून ठेवलंय. एकच शंका राहिली. आठवीच्या प्रगतिपुस्तकात गुण नाहीत, अ-१, अ-२ अशा श्रेणी आहेत. आठवीचे कागद मागितले तर त्या श्रेणी तशाच चालतात, की शाळेकडून टक्क्यांचं पत्रही घ्यावं? शाळेला सुट्टी लागायला आठच दिवस उरलेत, तेव्हा कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.