मदत हवी आहे: डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे दोन जिवाणू, १६एस सारखा, वागणूक वेगळी

सांगलीत एम.एस्सी. मायक्रोचा प्रकल्प करतेय. आटपाडी आणि जतच्या डाळिंबबागांतून तेल्याचा जिवाणू (झॅन्थोमोनास) वेगळा केला, प्रत्येकी एक. दोघांच्या १६एस जनुकाचा (ज्यावरून जिवाणू ओळखतात) क्रम तंतोतंत जुळतो. (इतक्या जवळच्या स्ट्रेनमधला (एकाच जिवाणूच्या वाणांमधला) फरक १६एस दाखवत नाही, हे पैसे गेल्यावर कळलं.)

पण भगवा जातीच्या डाळिंबाच्या पानांवर आटपाडीचा पाचव्या दिवशी पाणीदार डाग देतो, जतचा दहाव्यानंतर, तेही मोजकेच. प्लेटवर जतच्या कॉलनी कमी चिकट. फवारलेल्या जिवाणूंची घनता सारखी, तापमान २८ अंश, तीनदा करून पाहिलं; नुसतं पाणी फवारलेली पानं स्वच्छ राहिली. स्ट्रेप्टोसायक्लीन या प्रतिजैविकाने दोघंही मरतात.

एक चूक आधीच सांगते: जतच्याचं सबकल्चर (नव्या प्लेटवर पुन्हा वाढवणं) ८ वेळा झालंय, आटपाडीच्याचं २ वेळा. सुरुवातीचा ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपलेला नमुना) ठेवलाच नव्हता. त्यामुळे प्लेटवर राहून जतच्याचा चिकटपणा आणि रोग पाडण्याचा जोर गेला असेल, अशी शंका आहे.

पीसीआर आणि जेल आहे, जीनोम सिक्वेन्सिंगचं बजेट नाही. मूळ स्ट्रेनच वेगळे आहेत की जतचा लॅबमध्येच मवाळ झाला, हे ठरवायला आधी रेप-पीसीआर (डीएनएच्या पट्ट्यांचा ठसा) करू, जायर-बीचं (१६एसपेक्षा जास्त बदलणाऱ्या जनुकाचं) सिक्वेन्सिंग, की जतचा पानाला लावून, त्यातून पुन्हा काढून चाचणी घेऊ? आणि पानातून किती वेळा काढावा लागेल?